लोकांची खरकटी भांडी बघताना

मी भोचक आहे. शेजारी काय शिजतंय, कुणाच्या फ्रिजमध्ये काय ठेवलंय, हे कळल्याशिवाय मला लहानपणापासून चैन पडत नाही. आई म्हणायची, ‘‘लोकांच्या घरात नाक खुपसायचे पैसे मिळाले असते ना, तर एव्हाना बंगला बांधला असतास.’’ आणि बघा, मिळाले की!

बारावीनंतर मी एका मोठ्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागले. साबण, टूथपेस्ट, भांडी घासायचं लिक्विड, असलं सगळं बनवणारी कंपनी. चार दिवस तिथे काम, दोन दिवस कॉलेजचे तास आणि शेवटी रीतसर डिग्री. डोंबिवलीत हे समजावून सांगणं म्हणजे डोकेफोड. ‘‘म्हणजे कॉलेज की नोकरी?’’ ‘‘दोन्ही.’’ ‘‘म्हणजे धड हे नाही, धड ते नाही.’’ आईचंही मत तेच होतं. फक्त इतर लोक पाठीमागे बोलायचे आणि ती तोंडावर.

पहिलं वर्ष पॅकिंगमध्ये गेलं. भरलेल्या बाटल्या उंचावरून पाडायच्या आणि झाकण गळतंय का बघायचं. सुरुवातीला मजा आली, मग जाम कंटाळा. दुसऱ्या वर्षी मला थोड्या दिवसांसाठी ठाण्याच्या ऑफिसात पाठवलं. तिथली टीम लोकांच्या घरी जाऊन बघायची, की लोक कपडे कसे धुतात, भांडी कशी घासतात. असं काम जगात असतं, हेच मला माहीत नव्हतं! तिथल्या मॅडम पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, ‘‘एक घर तू ठरव, तूच सांभाळ. काही हाती लागलं तर इथे राहशील, नाहीतर परत पॅकिंग.’’ मला परत जायचं नव्हतं. काही झालं तरी नव्हतं.

कोडं असं होतं की आमचं लिंबाचं लिक्विड लोक आवडीने घ्यायचे, पण भांड्यांच्या साबणाची वडी काही सोडायचे नाहीत. का? आणि हे शोधताना नियम दोनच. कशाला हात लावायचा नाही आणि समोरच्याच्या तोंडात उत्तर घालायचं नाही.

ठाण्यातच मानपाड्याला राहणाऱ्या एका काकूंना मी फोन केला. ‘‘काकू, तुम्ही भांडी कशी घासता ते बघायला आम्ही दुपारी येतोय.’’ ‘‘या की, या!’’ काकू खूश.

मी आणि मॅडम गेलो. ओटा लख्ख, सिंक कोरडं ठणठणीत. ताटं-वाट्या पुसून मांडणीवर लावलेल्या.

‘‘काकू, भांडी कुठेयत?’’

‘‘घासली की सकाळीच. तुम्ही पहिल्यांदा घरी येणार आणि मी खरकटा पसारा मांडून ठेवू? काय म्हणाल तुम्ही?’’

मूर्ख कुठली मी! जन्म डोंबिवलीत गेला, आणि एवढं कळू नये? कुणी येणार म्हटलं की आमची आई पंख्याची पातीसुद्धा पुसते. मॅडमनी उघडलेली वही मिटून टाकली, ते जास्तच लागलं.

तेवढ्यात पोहे आले, वर खोबरं-कोथिंबीर. मॅडम ‘नको’ म्हणणार, त्याआधीच मी बशी ओढली. पोहे खाल्ले तर बशा तरी खरकट्या होतील! चहासुद्धा मागून घेतला. मग मी वाट बघत बसले. काकू आपल्या निवांत.

‘‘आता घासणार ना, काकू?’’

‘‘तुम्ही गेल्यावर गं. लोक बसलेले असताना भांडी आपटली तर ‘उठा आता’ म्हटल्यासारखं होतं.’’

अरे देवा! मग मात्र माझा धीर सुटला. बशा उचलल्या, तडक सिंकपाशी गेले आणि घासणीवर लिक्विड ओतलं. काकू धावत आल्या. ‘‘अगं बाई, पाहुणी ना तू? आणि ओततेस किती! सरक बघू.’’ मला बाजूला ढकलून त्यांनी घासायला सुरुवात केली. बशा, कप, चमचे झटपट झाले. शेवटी चहाच्या वेळी रिकामं झालेलं दुधाचं पातेलं राहिलं. त्याला मात्र काकूंनी खिडकीतली दुसरी घासणी घेतली आणि कपाटातून साबणाची वडी काढली.

‘‘हे वेगळं का, काकू?’’

‘‘लिंबाचा हात दुधाला लावतात का कुणी? नासेल ना!’’

‘‘नासलंय कधी?’’

‘‘नासू कशाला देईन मी?’’

मला तिथल्या तिथे उड्या माराव्याशा वाटल्या. दुधासाठी वडी घरात हवीच, मग ती सुटणार कशी? सुटलं की कोडं!

रिक्षात मॅडम म्हणाल्या, ‘‘हे घर धरता येणार नाही. तू हात लावलास.’’

‘‘पण मॅडम, दुधाचं पातेलं...’’

‘‘एका घरावरून, तेही असं? नाही. सोमवारी बोलू.’’

असा राग आला ना! नियमाचा, मॅडमचा, माझा स्वतःचा. घोडबंदरच्या सिग्नलला मी तोंड फिरवून डोळे पुसले.

रविवारी जेवणं झाल्यावर आई भांडी घासायला लागली आणि मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

‘‘बघतेस काय? हाताला मेंदी लावलीयस का?’’

‘‘तू घास. मी नुसती बघणार आहे.’’

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर पळाली असती. शेवटी दुधाचं पातेलं आलं. आईने नळामागची वाटी ओढली. त्यात वेगळी घासणी आणि वडीचा तुकडा. शाळेत असल्यापासून या घरात भांडी घासतेय मी, पण दुधाचं पातेलं माझ्या हाती कधी आलंच नव्हतं. आणि हे माझ्या, माझ्यासारख्या भोचक मुलीच्या, कधी लक्षात आलं नाही?

‘‘आई, हे वेगळं का?’’

‘‘त्या लिंबाच्या पाण्याने दुधाचं भांडं घासू? असले प्रश्न विचारायची डिग्री देतात होय तुला?’’

सोमवारी मी मॅडमना सरळ सांगून टाकलं. ‘‘अजून एक घर मिळालं, पण ते आमचंच. घरचं माणूस धरत नाहीत, माहितीय मला.’’ पॅकिंगला परत जायची मनाची तयारी करूनच गेलेले मी.

मॅडम म्हणाल्या, ‘‘आमच्याकडेपण आहे.’’

‘‘काय?’’

‘‘वेगळी घासणी. सासूबाईंची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी कधी विचारलंच नव्हतं. काल विचारलं.’’

‘‘मग? काय म्हणाल्या?’’

‘‘ओरडल्या.’’

आम्ही दोघी एवढ्या हसलो, की पलीकडच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. मग मॅडम पुन्हा गंभीर झाल्या. ‘‘आपली तिन्ही घरं रद्द. उद्या कल्याणला जायचंय. तिथे प्रश्न तू विचारायचेस. मी फक्त ऐकणार.’’

बारावीच्या निकालालाही मला एवढा आनंद झाला नव्हता.