माझ्या थराचा आकडा

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मग जाऊन सांग ना त्याला." तेच मला नको होतं.

ती फौजेत आहे, लष्करी इस्पितळात. तिच्या बदल्यांमागे मी नोकऱ्या सोडत गेलो. चंडीगडला आलो तेव्हा पन्नाशी तोंडावर दिसत होती आणि बायोडेटात कामापेक्षा खंडच जास्त. मोहालीतल्या एका लहान कंपनीने मला घेतलं ते तिथल्या एका सरदारजीच्या शब्दावर. वयाने माझ्याहून लहान, पण सगळे त्याला पाजी, म्हणजे पंजाबीत दादा, म्हणत, म्हणून मीही. तो मला सरजी म्हणायचा आणि माझ्या डब्यातले पोहे न विचारता संपवायचा.

लशींच्या फ्रीजवर लावायचं एक यंत्र आम्ही बनवत होतो. फ्रीजमधलं तापमान वाढलं की त्याने ओरडायचं, एवढंच. आत ते चालवणारी प्रणाली, छोटंसं लिनक्स. ते थर रचून बांधतात. तळाशी चिप बनवणाऱ्यांचा थर, वर आपापले. कुठला भाग कुठून आणायचा, कसा बांधायचा, याची रेसिपी त्या थरांत असते. एकाच भागाची रेसिपी दोन थरांत निघाली, तर ज्या थराचा आकडा मोठा त्याची चालते. दुसरी कितीही नवी असो. आणि हे सगळं जोडून देणारा बिल्ड याबद्दल चकार शब्द काढत नाही.

कंपनीचा मुख्य थर माझ्याकडे होता, सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरकडून तापमान वाचून घेणारा प्रोग्राम, पाजीकडे. त्याचा थर तयार व्हायच्या आधी काम अडू नये म्हणून मी त्याच्या ड्रायव्हरची जुनी रेसिपी माझ्या थरात आणून टाकली. तात्पुरती. माझ्या थराचा आकडाही ऐसपैस मोठा दिला, कटकट नको म्हणून. पुढे काढू म्हटलं आणि विसरलो.

यंत्र ओरडेना. पाजी बर्फातून सेन्सर काढायचा, मुठीत धरायचा, पडद्यावरचं तापमान जिथल्या तिथे. ड्रायव्हर दुरुस्त करायचा, पुन्हा बिल्ड, पुन्हा तेच.

"यार, मैं कुछ भी लिखूँ, ये सुनता ही नहीं," तो म्हणाला.

"पाजी, मशीन ठंडी है कि आप?" मागून आमचे साहेब. सगळे हसले. पाजीही हसला, जरा उशिरा. ग्राहक बघायला यायचे होते, आणि तोवर जमलं नाही तर पाजीला ड्रायव्हरवरून उठवून टेस्टिंगला बसवणार, हे साहेबांनी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं.

दुपारी तो खाली जेवायला गेलेला. दुसरंच काही शोधताना मी कुठली रेसिपी कुठल्या थरातून येते ते तपासलं. यादीत त्याच्या ड्रायव्हरच्या नावापुढे माझा थर. म्हणजे इतके दिवस तो जे लिहीत होता ते यंत्रापर्यंत पोचतच नव्हतं.

उठून खाली जायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. पण मला कायम करायचं की नाही, ते त्याच आठवड्यात ठरणार होतं. या वयात पुन्हा कोण घेणार? माझ्या थरातली त्या जुन्या रेसिपीची फाइल मी काढून टाकली आणि बिल्ड लावला.

तो परत आला तेव्हा यंत्र ओरडत होतं. लोक टेबलाभोवती जमले होते.

"सरजी, क्या किया?"

"कुछ नहीं. सब साफ करके दोबारा बनाया."

"मेरा ही कोई कचरा पड़ा होगा."

"होता है," मी म्हणालो.

खोटं बोललो त्याचं एवढं नाही. हे 'होता है' मला अजून झोपू देत नाही.

मी कायम झालो. पाजी टेस्टिंगला गेलाच. त्याला जे सापडलं नाही ते मला एका दुपारीत सापडलं, असं साहेब म्हणाले. त्यानंतर तो चाचणीच्या प्रोग्राममधली साधी ओळ बदलली तरी माझ्याकडे यायचा. "एक बार देख लो सरजी. अपने पे भरोसा नहीं रहा." मी बघायचो. चूक कधीच नसायची. "ठीक है" म्हणायचो, आणि तो प्रत्येक वेळी थँक्यू म्हणायचा. काही सकाळी ऑफिसच्या जिन्यातूनच परत फिरावंसं वाटायचं.

मग बायकोच्या बदलीचा हुकूम आला. मी राजीनामा दिला. आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा कुठे धीर झाला. याला धीर म्हणत नाहीत, ते मला कळतं. शेवटच्या दिवशी त्याला मोहालीच्या एयरोसिटीत घरी सोडायला गेलो आणि त्याच्या फाटकाशी, गाडी चालूच ठेवून, सगळं सांगितलं.

त्याने सीटबेल्ट सोडला.

"कौन सी फाइल?"

मी नाव सांगितलं. त्याने मान हलवली, जणू ती कुठे असेल ते त्याला दिसत होतं.

"मैंने सारे लेयर खोल के देखे थे," तो म्हणाला. "चिपवालों का भी. एक आपका नहीं खोला."

मी का ते विचारलं नाही. तो उतरला, दार हळूच लावलं. गाडी चालूच होती.