धूड आणि दामाची बोटं

वखारीत दोन गोष्टी न मागता साचतात: भुसा आणि किस्से. भुसा निदान बंबात तरी जातो, लोक पोती घेऊन येतात. किस्से तिथेच पडून राहतात, आणि पाय ठेवला की उडून नाकात जातात. हसू आलं तर हसा. मला आताशा येत नाही.

वखार पनवेलची, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मालक अण्णा, माझे सख्खे चुलते. मी मुंबईत इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला रामराम ठोकून परत आलो, तेव्हा त्यांनी मला ठेवून घेतलं आणि त्याच दिवशी माझं बारसंही केलं, ‘अर्धा इंजिनियर’. गिऱ्हाईक आलं की हाक मारायचे, “ए अर्ध्या, फीत आण!” पूर्ण माणसं कशी असतात ते मी पुढे त्यांच्याकडूनच शिकलो.

\*

लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावातून अण्णांनी एक मशीन आणलं. पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. एका टोकाला मोटारसायकलएवढं इंजिन, मग पुरुषभर लांब पातं, आणि त्या पात्यावरून फिरणारी दातेरी साखळी. उचलायला दोघं लागायचे. इंजिनाकडच्या दोन मुठी धरायचा दामा पाटील, वखारीतला सगळ्यात जुना करवत्या. पात्याच्या टोकाची एकुलती मूठ माझ्याकडे. गडी त्याला ‘धूड’ म्हणायचे.

उद्घाटनाला अण्णांनी गावातले वकील, डॉक्टर, दोन-चार व्यापारी बोलावले. दामानं दोरी ओढली. धूड असं थरथरलं, की माझ्या दाढा एकमेकींवर वाजायला लागल्या! ओंडका कापला, टाळ्या पडल्या, इंजिन बंद झालं. वकीलसाहेबांनी पेढा उचलला, तर बशीत पेढ्याशेजारी एक नट.

“अण्णा, हा कुठला?”

अण्णा जराही गडबडले नाहीत. “परदेशी माल आहे, वकीलसाहेब. नट जास्तीचे घालतात!”

\*

त्या जास्तीच्या नटांपायी आम्ही रोज संध्याकाळी भुसा चाळायचो. नट सापडले तर मुठीला तडा गेलेला. मूठ सांधली तर टाकीची शिवण उललेली. धूड रोज स्वतःलाच थोडं थोडं मोडायचं. जे आतून लोखंड मोडतं ते धरणाऱ्याला काय करत असेल, हा प्रश्न अख्ख्या वखारीत कोणाला पडला नाही. वेल्डिंगवाल्या यासीनभाईंना पडला.

यासीनभाईंचं दुकान बंदराच्या वाटेवर. त्यांनी टाकीच्या शिवणीवर कपडे धुण्याचा साबण चोळून गळती थांबवली आणि मुठीकडे बघत म्हणाले, “अण्णाशेठ, मी जिथं जोडतो तिथं ही तुटत नाही, बाजूला तुटते. असंच चाललं तर वर्षभरात सगळी मूठ माझीच होईल, कंपनीचं नावसुद्धा उरणार नाही! खुदा के वास्ते, मध्ये रबर टाकू द्या.”

ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे कापून त्यांनी ते मुठी आणि इंजिनाच्या मध्ये बसवले. आणि काय सांगू! धूड तेच, आवाज तोच, पण मुठी गप्प. दामा दिवसभर कापत होता आणि संध्याकाळी चक्क गुणगुणत होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतः मुठी धरून पाहिल्या. कपाळाला आठ्या. “काढा ते रबर. मशीनचा जोर जिरतोय.”

मी म्हटलं, “अण्णा, कापतंय तेवढंच. फक्त हाताला कळत नाही.”

“तेच म्हणतोय! हाताला दणका बसला नाही, तर काम झालं हे कळायचं कसं?”

रबर निघालं. त्याच्या अण्णांनी गाडीवानांसाठी चपला करून घेतल्या.

\*

थंडीत आपटा गावी नदीकाठचा एक जुना आंबा पाडायला गेलो होतो. सकाळी पाण्यावरून वारा येत होता. पहिला काप झाला आणि दामा मुठी सोडून हाताकडे बघत उभा राहिला. उजव्या हाताची दोन बोटं पांढरीफटक. मेणबत्तीसारखी. मध्ये रेघ मारल्यासारखी हद्द, अलीकडे माणूस, पलीकडे मेण.

गडी हसले. “दामा, सायेब व्हाया लागलास! बोटांपासून सुरवात!”

दामाही हसला. शेकोटीवर हात धरल्यावर रंग परत आला, पण असा ठणका लागला की तो खाली बसला. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाला, “जाऊ दे रं भाऊ. मुंग्या आल्यान.”

डॉक्टरांनी, तेच उद्घाटनाचे पेढे खाल्लेले, बोटं न बघता निदान केलं, “रक्त कमी आहे. पालेभाजी खा. विडी सोड.” दामानं आयुष्यात विडी ओढली नव्हती. अण्णांचं निदान त्याहून सोपं, “थंडी आहे.”

मे महिन्यात चार बोटं पांढरी पडू लागली. पनवेलला मे महिन्यात बसल्याजागी घामाची आंघोळ होते. मी अण्णांना विचारलं, आता काय?

“अरे, त्याला थंडीची सवय लागली!”

\*

एक दिवस दामाची बायको सोनाबाई वखारीत आली. ही बाई कधी फाटकाच्या आत पाऊल टाकत नसे. त्या दिवशी थेट गादीसमोर उभी राहिली.

“अन्नाशेट, माजा मानूस सकाली सदरा घालाया बसतो, तो न्याहरी थंड होईपरीन बसतो. गुंडी हातात हाय का नाय, त्याला कलत नाय. पावसाल्यात जालं विनायचा, आता सुई धरवत नाय. त्याला त्या धुडावरना काढा. झाडू मारंल, पन काढा.”

अण्णा गहिवरले. खरंच गहिवरले, डोळे पुसले! आणि शिंप्याला बोलावून दामासाठी बिनगुंडीच्या, बंदांच्या चार बंड्या शिवायला टाकल्या. आठवडाभर गावात सांगत होते, मालकानं माणसाची अशी काळजी घ्यावी म्हणून.

बंड्या घ्यायला सोनाबाईच आली. एकेक उलगडून बघितली, घडी घातली.

“शेट, बंद बांदाया बी बोटंच लागतान.”

\*

पावसाळ्याआधीचं शेवटचं काम. सागाचा सोट निम्मा कापला होता आणि साखळी अडकू लागली. धूड किंचाळायला लागलं. मी टोकाकडून ओरडलो, “दामादा, खटका सोड!”

इंजिनाचा वेग त्या खटक्यावर. बोट काढलं की वेग उतरतो. वेग उतरेना.

“सोड! सोड!”

“सोडलाय रं!” दामा ओरडला. त्याचं बोट खटक्यावर घट्ट दाबलेलं मला स्वच्छ दिसत होतं. आणि त्याच्या तोंडावर खोटेपणा नव्हता. तो खरंच सोडून बसला होता, मनात.

साखळी तुटली. त्याच्या कानाजवळून सुटली आणि मागच्या खांबात जाऊन रुतली. अण्णा धावत आले, धोतराचा सोगा हातात.

“लागलं का रे?” असं म्हणत ते खांबाकडे गेले. साखळीचे दात तपासत होते!

त्या संध्याकाळी मी तोंड सोडलं. धूड बंद करा, निदान रबर घाला, निदान दामाला खाली उतरवा. अण्णांनी शांतपणे पान लावलं. “कॉलेज सोडलंस, तेही काय थरथरीमुळेच का?”

माझे वडीलही शेजारी बसले होते. ते हसले. मी ते हसू विसरलेलो नाही.

दसऱ्यानंतर गलबताचं मोठं काम येणार होतं, धूड रोज चालणार होतं. अण्णा एवढंच म्हणाले, “दामाचं दसऱ्यानंतर बघू.”

\*

खंडेनवमी. वखारीत हत्यारांची पूजा. करवती, कुऱ्हाडी, कानशी ओळीनं मांडलेल्या आणि मधोमध फळीवर धूड, झेंडूची माळ घातलेलं. अण्णांनी सकाळीच त्याची टाकी काठोकाठ भरून घेतली होती. मी विचारलं, चालवायचं नाही तर भरायची कशाला?

“सणासुदीला त्याला उपाशी ठेवू?”

पेट्रोलचा वास मला फाटकापाशीच आला. साबणाची शिवण पाझरत होती, खालची फळी ओली होती. मी सांगितलं. अण्णा म्हणाले, “पूजेच्या वेळी अशुभ बोलू नये.”

वकील, डॉक्टर, व्यापारी, सगळे जुने पाहुणे हजर. आरती सुरू झाली. अण्णा तबक ओवाळताना रंगात आले, तबक कलंडलं आणि पेटता कापूर घरंगळून फळीच्या टोकाला पडला. ओल्या डागापासून चार बोटांवर!

वकील मागे. डॉक्टर फाटकाबाहेर. अण्णा सागाच्या थप्पीमागे.

दामा शांतपणे वाकला. जळता कापूर त्यानं बोटांनी उचलला, तळव्यात घेतला आणि मूठ मिटली. तसाच चालत, घाई न करता, अंगणात आला.

मग अण्णा थप्पीमागून बाहेर आले, टोपी सारखी करत. “बघितलंत? याला म्हणतात निष्ठा! चटकासुद्धा बसला नाही माझ्या माणसाला!”

टाळ्या वाजल्या. डॉक्टरांनीही वाजवल्या.

दामा माझ्यापाशी आला. मूठ अजून मिटलेली, बोटांच्या फटींतून धूर, आणि कापराचा नव्हे असा वास. त्यानं मूठ माझ्यापुढे धरली आणि हळूच विचारलं,

“भाऊ, जरा बग रं. इझला का?”