नाव न घेतलेला पाला

"पालो वळाख, नाव कित्याक व्हया?"

असं म्हणून शेजारच्या काकी हातातलं पान माझ्या नाकाशी धरायच्या. मी वास घ्यायची, पान उलटं करून शिरा बघायची आणि समजल्यासारखी मान डोलवायची. नाव विचारायची सोय नव्हती. विचारलं की काकी पदर खोचून पुढे चालू लागायच्या आणि त्या दिवसापुरती शिकवणी बंद.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची चाळ होती. मागे एका बंद कारखान्याची लांबच लांब भिंत, भिंतीपलीकडे नाला, नाल्याकाठी झोपड्या. झोपड्यांतले लोक बकऱ्या पाळायचे. थोडं वर चढलं की म्हशींचा तबेला. या एवढ्या मुलखाच्या काकी वैद्य. कुणाच्या पोराला खरचटलं, कुणाच्या म्हशीची कास सुजली, कुणाच्या बकरीने चारा टाकला, की माणूस आधी काकींच्या दारात. डॉक्टरशी त्यांचं वैर नव्हतं. "गोळी पण घे, ह्या पण घे," असा रोखठोक हिशेब.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी जाणती बाई असेल, तर तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. ही माणसं पाला कधी अख्खा देत नाहीत. आतल्या खोलीत जाऊन, कुटून, गोळा करून देतात. काकींनाही हे सगळं वडिलांकडून आलं होतं, आणि सोबत वडिलांची अटही आली होती. "माझ्या बापाशीन सांगितल्यान, नाव भायर पडला की गुण गेलो." नाव फुटलं की पाल्यातला गुण जातो आणि देणाऱ्याच्या हातातलाही.

मी नोकरीला होते औषधांच्या कंपनीत, तेही लेबलं चिकटवायच्या खात्यात. लेबल जरा वाकडं लागलं तरी आमचा सुपरवायझर बाटली परत पाठवायचा. दिवसभर नावं चिकटवून घरी यावं तर शेजारी ही बाई. मी त्यांना चिडवायची, "काकी, आमच्याकडे बिननावाची बाटली गेटबाहेर जात नाही."

"मगे तुमच्या बाटलीन बरी झालेली माणसां माझ्याकडे कित्याक येतत गो?"



काकींचा सगळा जीव मात्र एकाच पाल्यात होता. काका गिरणीत कापूसखात्यात होते. गिरणी बंद पडली, पण कापसाची भुकटी काकांच्या छातीत राहिली. खोकल्याची उबळ आली की ते दाराची चौकट धरून उभे राहायचे. डॉक्टरांची औषधं चालूच होती, पण काकींचा भरवसा कारखान्याच्या भिंतीलगत माजलेल्या एका झुडपावर. लांबट पानं, पांढरी जबड्यासारखी फुलं, चव कडूजहर. बकऱ्यादेखील त्याला तोंड लावायच्या नाहीत, म्हणूनच ते तिथे टिकलं होतं. त्याचा रस मधातून घेतला की काकांना जरा श्वास मोकळा व्हायचा. तुम्ही झाड ओळखलंच असेल, पण तूर्त मीही नाव घेत नाही.

नाल्याकाठच्या झोपडीत सुमन राहायला आली ती जालन्याकडून. नवरा बांधकामावर, पदरात तीन वर्षांची पिंकी आणि दावणीला दोन बकऱ्या. एका सकाळी ती धावतच काकींकडे आली. बकरीच्या पायाच्या जखमेत किडे पडले होते आणि पिंकी रात्रभर खोकत होती. काकींनी दोन्हींचे पाले कुटले आणि दोन हिरवे गोळे कागदात बांधले.

"डाव्या हातातलो बकरेक. उजव्यातलो चेडवाक, रस काढून मधातून."

सुमनने दोन पुड्या दोन हातांत नेल्या, आणि घरी जाऊन स्टोव्ह पेटवायला दोन्ही खाली ठेवल्या. उचलताना हात बदलले, एवढंच झालं.

तासाभराने सुमनची किंकाळी चाळीपर्यंत आली. पिंकी ओकत होती, डोळे फिरवत होती. आम्ही रिक्षात बसलो, पोर सुमनच्या मांडीवर, मधे मी, आणि कडेला काकी, पायात चप्पल नाही. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "काय पोटात गेलंय? कुठला पाला?"

सुमन म्हणाली, "हिरवा व्हता, साहेब."

"हिरवा तर सगळाच असतो, बाई. नाव सांगा."

सुमनने काकींकडे पाहिलं. मीही पाहिलं. काकींचे ओठ घट्ट मिटलेले होते. मला त्या क्षणी त्यांची भयंकर भीती वाटली, की ही बाई बोललीच नाही तर? त्यांनी एकदा पिंकीकडे पाहिलं आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सीताफळीचो पालो. जनावराच्या जखमेतले किडे मारूक लावतत. पोटात जावक नको होतो."

डॉक्टर लगेच कामाला लागले. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "आणि दुसऱ्या पुडीत काय होतं?"

"तां सांगूचंय नाय. तां पोटात गेलांच नाय."

डॉक्टर हसले आणि आत गेले. संध्याकाळी पिंकी बिस्किट मागायला लागली तेव्हा सुमन रडली. काकी रडल्या नाहीत. भिंतीला टेकून आपला उजवा हात उलटापालटा करून बघत बसल्या होत्या.

चाळीत अर्थातच पंचायत बसली. काकींनी हे धंदे आता बंद करावेत, असं बहुतेकांचं मत. काकांनीही खोकत खोकत सांगितलं, "तू आता गप रव."

"गप रवलंय म्हणानच तां चेडू मरत होतां," काकी म्हणाल्या आणि विळा घेऊन बाहेर पडल्या.

त्या रविवारी त्यांनी सुमनला, मला आणि झोपड्यांतल्या चारपाच बायकांना डोंगरावर नेलं. एकेका झाडापाशी थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि नाव सांगायच्या. शाळेत पहिल्यांदा कविता म्हणायला उभं राहिलेल्या मुलीसारखा आवाज निघायचा. "ह्येका एकदांडी म्हणतत. खरचाटला की रस लावूचो."

"आमच्याकडं कंबरमोडी म्हणत्यात," सुमन म्हणाली.

"मगे दोन्ही नावां ध्यानात ठेवा. आणि खावचो खंयचो, लावचो खंयचो, ह्या आधी बोला."

ही नवी शिस्त. पाला अख्खाच द्यायचा, कुटायचा तो घेणाऱ्याने, आणि तोही नाव आणि काम मोठ्याने म्हणून. तबेल्यातला भैयासुद्धा म्हशीपुढे उभा राहून "निर्गुडी, सूज के लिए" असं ओरडायचा तेव्हा आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. पण पुन्हा कधी पुडी चुकली नाही.

प्रत्येक नावासरशी आपल्या हातचा एकेक गुण जातोय अशीच काकींची समजूत होती. तरी रविवार चुकला नाही. पाय सुजले तरी चढल्या. फक्त परत येताना भिंतीशी पोचलो, की पांढऱ्या फुलांच्या त्या झुडपाकडे बोट करून म्हणायच्या, "पालो वळाख, नाव कित्याक व्हया?"

आम्ही सगळ्या मान डोलवायचो. अहो, ते नाव कुणाला ठाऊक नव्हतं? सुमनच्या गावी त्याची कुंपणं होती. आमच्या कंपनीच्या खोकल्याच्या बाटलीवर ते ठळक अक्षरांत छापलेलं असायचं, मी रोज हाताने चिकटवायची. पण त्या नावावर काकांचा श्वास टांगलेला आहे हे प्रत्येकीला माहीत होतं. काकांना डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलं तेव्हा मी बाटली आणली आणि देण्याआधी कोमट पाण्यात बुडवून तिचं लेबल खरवडून काढलं. वर चिठ्ठी डकवली, 'खोकल्यासाठी, प्यायचे'. सुपरवायझरने पाहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती. काकींनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि वाटीभर सोलकढी आणून दिली.

दोन थंड्या काकांनी काढल्या. तिसरीत गेले.

मयतीला आलेला एक नातेवाईक दारातच बोलला, की नावं वाटत सुटली, घरातला गुण गेला, आता भोगा. सुमन तावातावाने उठली होती. काकींनी तिला हाताने बसवलं. "बोलू दे त्येका. चेडू जिता असा मां? मगे झाला तर."

एवढं बोलून त्या आत गेल्या. त्यांना ते लागलं नसेल असं मात्र समजू नका. महिनाभर त्या भिंतीकडे फिरकल्या नाहीत.

पुढे दिराने त्यांना गावी बोलावून घेतलं. खोली दुसऱ्यांना गेली. ट्रंक बांधून झाल्यावर, निघायच्या आदल्या संध्याकाळी, त्यांनी मला हाक मारली आणि नाल्याकडे तोंड करून सुमनलाही. पिंकी आईच्या मागोमाग आली. तिला पुन्हा खोकला झाला होता.

काकी आम्हाला भिंतीपाशी घेऊन गेल्या. झुडूप चांगलंच माजलं होतं, तोडायला कुणी नव्हतं ना. काकींनी एक डहाळी मोडली, पिंकीच्या नाकाशी धरली. पोरीने शहाण्यासारखा वास घेतला, पान उलटं केलं, मान डोलवली. आणि सवयीने म्हणाली, "नाव नाय विचारायचं."

काकी तिच्यापुढे खाली बसल्या. गुडघे दुखत होते तरी बसल्या.

"इचार," त्या म्हणाल्या. "आता कोणासाठी लपवू गो?"

पिंकीने आईकडे पाहिलं. आईने मान डोलवली.

"ह्याचं नाव काय, काकी?"

"अडुळसो," काकी म्हणाल्या. मग भिंतीपलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाल्या, "अडुळसो. खोकल्याक. मधातून घेवचो."

आणि डहाळी अख्खीच्या अख्खी पोरीच्या हातात दिली.