किमान पाच माणसं

कचेरीत त्याला सगळे भाऊ म्हणत. भाऊ प्रोग्राम लिहायचा आणि ते त्याला मास्तरांनी शिकवलं होतं; म्हणजे दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत प्रोग्रामरांचं पुस्तक मंडळ भरवून, एकेका प्रकरणावर कडाकडा भांडून. मास्तर आजारी पडले आणि मंडळ बंद पडलं. आता ते परतले होते, पण निवृत्त होण्यापुरतेच. त्यांच्या शेवटच्या दिवशी, गुरुवारीच, मंडळ पुन्हा एकदा भरावं एवढीच भाऊची इच्छा होती.

विचारलं तर मंडळातले सगळे एका पायावर तयार. पण पुस्तक कोणतं?

"मतदान घेऊ," टेस्टिंगवाली म्हणाली.

"मग एक छोटंसं ॲपच करू की," दाढीवाला म्हणाला.

झालं! प्रोग्रामरांना काम सांगा, ते आधी काम करणारं यंत्र बनवायला बसतात. नमनालाच घडाभर तेल. मतदान झालं, मग आठवण करून द्यायची सोय, मग कोणी किती पानं वाचली त्याचा रंगीत आलेख. पुस्तक मात्र कोणी उघडेना. भाऊ कुरकुरायचा, पण खरं सांगायचं तर त्यालाही मजा येत होती. मास्तरांवर रिकाम्या खोलीत बसायची पाळी नको, म्हणून त्यानेच एक नियम लिहिला: येणारे पाचांहून कमी झाले तर सभा आपोआप रद्द.

गुरुवारी तो लवकर जाऊन खोलीत बसला. टेस्टिंगवालीला ग्राहकाने अडकवलं, दाढीवाल्याचं मूल तापलं. दोघांनी शहाण्यासारखं ॲपमध्ये 'नाही' दाबलं आणि येणारे चारच उरले. भाऊचा फोन वाजला: सभा रद्द. तसाच सगळ्यांचा वाजला. तो नियम काढायला धावला, पण गेलेला निरोप कुठला परत येतोय? त्याला स्वतःचीच चीड आली.

त्या खटपटीत अर्धा तास गेल्यावर त्याने मास्तरांना फोन लावला. मागे बसचा आवाज होता.

"मास्तर, या ना परत. आपण दोघंच बसू."

"आता परत ते जिने चढणं नाही व्हायचं रे. प्रकरण वाचून आलो होतो, दोनदा. जिन्यातच निरोप आला, मग वाटेत भेटले त्यांचा निरोप घेऊन निघालो." मास्तर पुढे म्हणाले. "पण ॲप झकास केलंय. माणसाला उगाच ताटकळत ठेवत नाही. तो रद्दचा भाग कोणी लिहिला?"

भाऊला खोटं बोलता येईना.

"मी."

"शाबास," मास्तर म्हणाले.