काकांचं नाव पुन्हा गळता गळता

आमच्या घराण्यात लग्नपत्रिका छापायची म्हणजे महाभारत. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, आणि एखादं गळलंच तर मेलो! माझ्या लग्नात नेमकं थोरल्या काकांचं गळलं. प्रूफ तपासलं होतं बाबांनी. तेव्हापासून सहा वर्षं भोकरचे काका आणि नांदेडचे बाबा, सख्खे भाऊ, एकमेकांशी बोलले नाहीत. माझ्याशी मात्र काका फोनवर बोलायचे, तेही शेतीचंच.

मी सॉफ्टवेअरचं काम करते. शेतीच्या वेळापत्रकाचं एक मोफत अ‍ॅप आहे, कुणीही सुधारावं असं. त्यात सगळं महिन्यांवर. आता आमच्याकडं महिना बघून पेरतं कोण? मृग, आर्द्रा, हस्त असंच चालतं. म्हणून मी त्याची स्वतःची वेगळी प्रत काढली, म्हणजे फोर्क केला, आणि नक्षत्रं घालायला बसले. "मृग कोरडा गेला तं मूग-उडीद सोड माय, सोयाबीन धर," असं काका सांगायचे. आत्या सांगायची, मावशी सांगायची. प्रत्येक बदलाची जी नोंद होते, तिला कमिट म्हणतात, ती मी सांगणाऱ्याच्या नावानं करायचे. पत्रिकेचा धसका, दुसरं काय! काका फोनवर आपलं नाव बघून लई खुश व्हायचे.

काम झाल्यावर मी ते मूळ प्रकल्पात घ्या म्हणून पाठवलं. तो सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर आलं: नक्षत्रं हवीच आहेत, पण आधी इतिहास स्वच्छ करा, सगळ्याचं मिळून एकच कमिट द्या. खरं होतं त्यांचं. मूळ प्रकल्प पुढं गेला की दर आठवड्याला तिकडचे बदल मी माझ्या प्रतीत मिसळायचे, आणि त्या मिसळण्याचीही वेगळी नोंद व्हायची. त्रेसष्ट कमिट, त्यातली निम्मी नुसती मिसळामिसळ. कोण वाचणार ते?

पण एकच कमिट म्हणजे लेखकही एकच, मी. काकांचं नाव पुन्हा गळणार! बाबांशी अबोला होताच, आता माझ्याशीही धरतील. आधी बाईंवर चिडले, मग स्वतःवर, मग गुपचूप शोधायला बसले. आणि सापडलं की! कमिटच्या खाली सहलेखकांची नावं लिहायची सोय असते. इतकी वर्षं या धंद्यात, आणि मला पत्ता नाही.

सगळ्याची एक प्रत बाजूला ठेवली. मूळचे ताजे बदल आणले, माझे बदल उचलून त्यांच्यावर पुन्हा रचले, तशा मिसळीच्या नोंदी आपोआप गळाल्या. उरलेल्या एकात एक दाबून एकच केली. खाली नावं लिहिली, वयानुसार बरं का! काका पहिले. यादी तीनदा वाचली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कमिट घेतलं. मी तेव्हा नांदेडला माहेरीच होते, स्वयंपाकघरात नाचलेच! काकांना नावांच्या यादीचा फोटो पाठवला, तर लगेच फोन.

"लई बेस झालं माय. पन तुझ्या बापाचं नाव कुठंय?"

"बाबांनी काही सांगितलंच नाही, काका. आणि आता ते मूळ प्रकल्पात गेलं, त्यात बदल करता येत नाही."

"असं कसं? घरातला मानूस अन् नाव न्हाई?" फोन ठेवला त्यांनी.

तासाभरानं ओसरीवर शेंगा सोलणाऱ्या बाबांचा फोन वाजला. स्क्रीनवर 'दादा'. बाबांनी दोनदा बघितलं आणि घाईघाईनं उचलला. थोडं ऐकून फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "विचारून राहिलाय, करडई कोणत्या नक्षत्रात पेरायची. त्याला ठाऊक न्हाई का?"

ठाऊक नसायला काय झालं! बाबांना पेरणीची तिफण धरायला शिकवलं ते काकांनीच.

"तुम्ही सांगा तर," मी म्हणाले आणि लॅपटॉप ओढला.

"हस्तात, दादा," बाबा म्हणाले, आणि मी नवं कमिट केलं, बाबांच्या नावानं.