दोन ठोक्यांमधला विसावा

"बाळ पालथं आहे, हृदय दिसत नाहीये. जरा गोड खाऊन फिरून या," डॉक्टर म्हणाल्या. माझ्या पोटातल्या सहा महिन्यांच्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी होती. आधीच्या तपासणीत शंका आली होती. आईने पिशवीतून रव्याचा लाडू काढला. तो खाऊन मी व्हरांड्यात दहा फेऱ्या मारल्या, आणि बाळ वळलं.

पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढं काहीतरी उघडत-मिटत होतं. त्यातून लाल-निळे रंग धावत होते. डॉक्टरांनी पडद्यावर एकेक माप घेतलं. मग म्हणाल्या, "चारही कप्पे छान आहेत."

"एवढंसं ते, दमत नाही का हो?" आईने विचारलं.

"दोन ठोक्यांच्या मध्ये विसावतं ना, आजी. म्हणून दमत नाही."

मी छातीवर हात ठेवून माझ्यातला तो विसावा शोधत राहिले. इतकी वर्षं मला नुसते ठोकेच ऐकू आले होते.

जन्माआधी बाळाचं काही शिवायचं नाही, हा आईचा कडक नियम. घरी आल्यावर तिने कुंचीसाठी आपलं जुनं सुती पातळ काढलं. मी बघतच राहिले, तर सुईत दोरा ओवत म्हणाली, "ओळख झाली ना आता."