धूरमोजे आणि तपासणीचा दिवस

नोकरीच्या कागदांवर त्यांचा हुद्दा तंत्रज्ञ असा होता, पण गल्ली त्यांना धूरमोजे म्हणे. ऐकायला आडनावासारखंच. हे थंडीत पायात घालायचं काहीतरी असावं, अशी लहान मुलांची समजूत होती.

काम साधं. दर सहाव्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या शाळेवर शिडीने चढायचं, गच्चीवरच्या यंत्रात बशीएवढा पांढरा फिल्टर बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो चिमट्याने उचलून प्रयोगशाळेत न्यायचा. लाकूड जळालं की धुरात एक साखर उतरते. गाड्यांच्या धुरात ती नसते. त्या साखरेवरून हिवाळ्यात हवेतल्या घाणीत घरोघरच्या लाकडाच्या शेगड्यांचा वाटा किती, ते काढायचं. वाटा निम्म्याहून जास्त निघाला, तर पालिका शेगड्या बंद करणार होती. धूरमोज्यांचा निवृत्तीपूर्वीचा हा शेवटचा अहवाल. आणि गल्लीतली सर्वांत जुनी शेगडी त्यांच्या थोरल्या बहिणीची. ताईंचे गुडघे शेगडीशिवाय वाकत नसत. स्वतः ताई शेगडी असूनही वाकत नसत.

या हिवाळ्यात मात्र फिल्टर पांढरेच्या पांढरे येऊ लागले. वापरलेला कुठला आणि कोरा कुठला, हे पाकिटावर वाचून ठरवावं लागे. धूरमोज्यांनी पंप चार वेळा उघडला, नळी बदलली, मग स्वतःवर संशय घेतला. पाचव्यांदा पंप उघडायला स्क्रूड्रायव्हर सापडेना, म्हणून तो मागायला ते ताईंकडे गेले.

ताई दोन स्वेटर, कानटोपी आणि पांघरूण अशा थाटात बसल्या होत्या. शेगडी थंडगार.

"ताई, लाकडं संपली?"

"लाकडं आहेत रे. आज तपासणी ना तुझी!"

"मग?"

"मग काय मग? शाळेत तपासणी असली की आदल्या दिवशी झाडून घ्यायचो ना आपण? सगळ्या गल्लीला दम दिलाय मी. बेकरीवाला तेवढा ऐकेना. त्याला म्हटलं, माझ्या भावाचं शेवटचं वर्ष आहे, नाव घालवलंस तर बघ."

धूरमोजे खुर्चीत बसले. गेली तीन वर्षं 'उद्या तपासणी आहे, जेवायला येणार नाही' असं तेच सांगत आले होते. 'मोजणी' म्हटलं असतं, तर हे घडलं नसतं. एका शब्दापायी आख्खी गल्ली चार आठवडे हप्त्याहप्त्याने कुडकुडली होती.

दुसऱ्या दिवशी, कुणालाही न सांगता, त्यांनी आणखी एक फिल्टर बसवला. तो काळाकुट्ट निघाला. त्याच गाड्या, तीच थंडी, वारा तसाच पडलेला. फरक फक्त शेगड्यांचा. असा प्रयोग करायचा, तर एखाद्या विद्यापीठाला गल्लीच्या पाया पडावं लागलं असतं. ताईंनी तो नुसत्या दमावर उरकला होता.

पुढच्या मोजणीच्या संध्याकाळी ते दोन डब्या घेऊन गेले. ताईंनी चष्मा लावला. एक पांढरी चकती, एक काळी.

"ही काळी कुणाची?"

"आपली."

"सगळी?"

"निम्म्याहून जास्त. एका दिवसावर अहवाल होत नाही, पण अंदाज चुकायचा नाही. शेगड्या जातील, ताई. तुझीसुद्धा."

ताईंनी दोन्ही डब्या मिटून थंड शेगडीवर ठेवल्या. आई गेल्यावर याच शेगडीसमोर त्यांनी या भावाचे ओले बूट वाळवले होते, आणि एकदा भाजलेही होते.

"दर वेळी नापासाचाच निकाल आणायचा तुला नाद," त्या म्हणाल्या. "तू काय लिहिणार?"

"जे आहे ते."

"लिहिशीलच. लबाडी कधी जमली नाही तुला. बूट तू जाळलास असं मी बाबांना सांगितलं, तेव्हासुद्धा 'हो' म्हणवेना तुला, तोंड पाडून उभा होतास." त्यांनी पांघरूण बाजूला केलं. "यंत्र चालू आहे आत्ता?"

"आहे."

"हो बाजूला."

गुडघ्यावर हात रोवून ताई उठल्या, शेगडीचं दार उघडलं, काडी ओढली. लाकडं तडतडायला लागली. त्यांनी एक ओंडका घातला, दुसरा घातला, आणि भावाचा अहवाल भरघोस व्हावा म्हणून तिसराही उचलला.

"ताई," धूरमोजे म्हणाले, "रोजच्याएवढंच."